पायऱ्यांखालच्या खोलीचा वारसा

सर्वांत आधी एक दुरुस्ती. मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत, हे मला ते टाइप करून देणाऱ्या तात्यासाहेबांनी सांगितले आहे. तरी ती आधीच यायला हवी. पुढे मी जे लिहिणार आहे त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे वाचणाऱ्याला त्यावरूनच ठरवता येईल.

दिनांक ७ नोव्हेंबर २०१६ रोजी पोलिसांपुढे दिलेल्या जबाबात मी लिहून दिले होते की, "सुगंधाबाई सोनाजी शिंगाडे यांनी पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा आमच्या घरामागच्या उकिरड्यावरून, आम्हाला न विचारता, उचलून नेला." हे खोटे आहे. तो डबा मी त्यांना दिला. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, नरकचतुर्दशीला, सकाळी नऊच्या सुमारास, आमच्या ओट्यावर, फराळाच्या पुडीबरोबर, माझ्या हाताने दिला. जबाबाखालची सही माझी आहे. ती करताना माझा हात कोणी धरलेला नव्हता.

आता मी, मंजुषा रामकिसन औताडे, वय २९ वर्षे, नोकरी छावणीतील एका खासगी रक्त तपासणी प्रयोगशाळेत, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मी काय लिहिते आहे ते मला समजते आहे. मला लहानपणापासून दमा आहे. दुसरा आजार नाही. माझ्यावर दबाव आहे, नाही असे मी लिहिणार नाही. पण तो दबाव हे मृत्युपत्र लिहू नये यासाठी आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

आणखी एक गोष्ट इथेच लिहिते, कारण ती सर्वांत महत्त्वाची आहे. मला मरायचे नाही. माझ्या घरात फवारणीच्या विषाचे बेचाळीस डबे आणि बाटल्या आहेत. ते बाहेर काढायचे मी ठरवले आहे आणि त्या खोलीत दहा मिनिटे उभी राहिले तरी मला धाप लागते. म्हणून हे लिहिते आहे. उद्या मी तिथे कोसळले, तर "पोरीनं औषध घेतलं" हे वाक्य या घरात तयार ठेवलेले असेल. कोणीही ते वापरू नये. ते खोटे असेल. एक खोटे या घराने पचवले आहे, दुसरे माझ्या नावावर नको.

कलम १. घर

हर्सूल येथील तळमजला आणि वरचा मजला असलेले घर, मागच्या अंगणासह आणि अंगणातल्या कोरड्या आडासह, माझे वडील रामकिसन यांनी २०१९ साली नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. त्यांना मी अण्णा म्हणत असे. पुढेही तसेच लिहीन. ते २०२१ साली वारले. हे घर माझ्यानंतर माझी आई आशाबाई हिला मिळावे.

वरच्या मजल्यावर माझे चुलते बद्रीनाथ राहतात. त्यांना हयातभर तिथे राहू द्यावे, असे अण्णा तोंडी सांगून गेले आहेत. ते मी पाळले, आईनेही पाळावे. राग आला म्हणून साठी उलटलेल्या माणसाचे छप्पर काढून घ्यायचे नसते, एवढे मला घरीच शिकवले आहे.

मात्र ज्याला घर मिळेल त्याला पायऱ्यांखालची खोलीही मिळाली असे समजावे. घर पाहिजे आणि खोली नको, असे चालणार नाही. आजवर या घरातल्या प्रत्येकाने तेच केले.

कलम २. पायऱ्यांखालची खोली

ही खोली सहा फूट बाय आठ फूट आहे. तिला एक झरोका आहे, तो काकांनी २०२२ साली विटा लावून बंद केला, "वास रस्त्यावर जातो" म्हणून. रस्त्यावर जाऊ नये, घरात राहिला तर चालेल.

दम्यामुळे मला आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातले नव्हते. अण्णांचे बिडकीनला खतांचे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान होते. शाळेतल्या धुळीचा मला त्रास होईल म्हणून अण्णा मला मोटारसायकलवर पुढे बसवून रोज दुकानात नेत. दम्याच्या पोरीला धुळीपासून जपायचे आणि विषाच्या दुकानात बसवायचे, यात तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते, खोटे का बोलू.

माझी अक्षरओळख डब्यांवर झाली. अण्णा डबा समोर ठेवत आणि बोट फिरवत. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी. पिवळा त्याच्या खालोखाल. मग निळा, मग हिरवा. "आधी लेबल वाचायचं, मग डब्याला हात लावायचा," असे ते म्हणत. मी सहाव्या वर्षी 'वापरण्याची अंतिम तारीख' हे शब्द न अडखळता वाचत असे आणि गिऱ्हाईक हसत.

रिकाम्या डब्याचे आमच्या घरी एक शास्त्र होते. पाच लिटरचा डबा घट्ट झाकणाचा, जाड, दहा वर्षे टिकणारा. तो टाकून द्यायचा म्हणजे अन्न टाकण्यासारखे. अण्णा तो तीन पाण्यांनी धूत. तिसरे पाणी झाले की लेबल भिजवून खरवडून काढत. मी मोठी झाल्यावर धुण्याचे काम माझ्याकडे आले. लेबल नाही म्हणजे डबा धुतलेला, ही आमच्या घरची खूण. दिवाळीला असे डबे ओट्यावर ओळीने मांडायचे आणि दूध घालणारी, शेण टाकणारी, अंगण झाडणारी जी बाई येईल तिला फराळाबरोबर एक द्यायचा. बायका आशीर्वाद देऊन जात.

धुतल्यावर डब्याला भोक पाडायचे असते, म्हणजे त्यात पुन्हा कोणी काही भरणार नाही. हे माहितीपत्रकात छापलेले होते. ते मीच अण्णांना वाचून दाखवले होते. अण्णा म्हणाले, "भोकाचा डबा कोण घेईल गं?"

२०१५ साली आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, गिऱ्हाईक पांगले आणि दुकान बंद झाले. उरलेला माल टेम्पोत घालून हर्सूलला आला आणि पायऱ्यांखाली ठेवला. तो दुकानात असेपर्यंत माल होता. घरात आला त्या दिवसापासून तो घातक कचरा आहे. हे वाक्य मी या घरात किमान शंभर वेळा म्हटले असेन.

कलम ३. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी काय झाले

सुगंधाबाई आम्हाला शेळीचे दूध घालत. त्यांची मेंढरे तलावापलीकडच्या पडीक रानात असत. मी त्यांना मावशी म्हणायची. त्या दिवशी मी वीस वर्षांची होते, कॉलेजात विज्ञान शिकत होते. ओट्यावर लेबल नसलेले सहा डबे होते. डावीकडून दुसरा मी उचलला. बुडाशी काहीतरी हलले. धुतलेले पाणी राहिले असेल, असे मला वाटले.

मावशींनी झाकण उघडून नाकाशी नेले. म्हणाल्या, "ताई, वास मारतंय गं लई."

मी म्हणाले, "मावशी, धुतलाय. तीनदा धुतलाय."

मला वास आला नाही. त्या वासात मी वाढले आहे. मला तो अजूनही येत नाही, नुसती छाती आवळते.

त्या म्हणाल्या, "तू शिकल्याली हायस, तू म्हणतीस तर व्हय." आणि डबा काखेला मारून गेल्या.

१ नोव्हेंबरला, भाऊबीजेला, त्यांनी त्यात ताक भरून रानात नेले. ते विष पाण्यात पडले की दुधासारखे पांढरे होते. ताकात ते कोणाला दिसणार? त्यांच्या नवऱ्याने, सोनाजींनी, वासामुळे घेतले नाही. मावशी म्हणाल्या, "पोरीनं तीनदा धुतलाय," आणि स्वतः प्यायल्या. त्यांना घाटी दवाखान्यात नेले. ४ तारखेला वारल्या.

७ तारखेला दुपारी पोलीस विचारायला यायच्या आधी आम्ही चौघे स्वयंपाकघरात बसलो होतो. काका म्हणाले, "मंजे, लिहून दे, उकिरड्यावरून उचलला. मेलेल्या बाईला काय फाशी देतेत का? तुझं शिक्षण हाय, लगीन हाय."

मी अण्णांकडे पाहिले. ते चष्मा धोतराला पुसत होते. खूप वेळ पुसत होते. मग म्हणाले, "काका म्हणतोय तसं लिही, बाळा."

आई काही बोलली नाही. तिने मला पाणी दिले.

मी लिहिले. अक्षर चांगले आले. अण्णांनीच घोटून घेतलेले अक्षर आहे ते.

त्यानंतर नऊ वर्षे माझा समज असा होता की माझे धुणे कमी पडले. मी दोनदाच धुतला असेल आणि तीनदा म्हटले असेल. प्रयोगशाळेत मी काचेची नळी पाच वेळा धुते. बाकीच्या मुली हसतात. घरी गॅस तीनदा बघते, कुलूप चारदा ओढते. तो डबा मुळात धुतलेलाच नव्हता, मी नाही आणि कोणीच नाही, हे मला या वर्षी ११ ऑगस्टला कळले.

कलम ४. सतरा लेबले

अण्णांची लोखंडी पेटी आवरताना २०१६ सालच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची गुंडाळी निघाली. तिच्यात सतरा लेबले होती, अख्खी, न फाटता काढलेली. सगळ्यांवर लाल त्रिकोण. सगळ्यांची तारीख २०१६ च्याही दोन-तीन वर्षे आधी संपलेली. वरच्या लेबलाच्या पाठीवर अण्णांचे अक्षर: "बद्रीने काढली. डबे धुतलेल्यांत मिसळून गेले. पोरीचा दोष नाही. २/११/१६."

तारीख दोनदा वाचावी. माझा जबाब सातचा आहे. म्हणजे पाच दिवस आधीपासून त्यांना माहीत होते.

मी लेबले घेऊन वर गेले. काका टीव्ही बघत होते. ते लाजले नाहीत, हे लिहून ठेवते. म्हणाले, "मग काय झालं? मेंढरांच्या गोचिडांना लागतंय म्हणून धनगरं सुट्टं मागायची. तारीख बघितली की घेत नव्हती. म्हणून काढली. मेंढरांना तारीख वाचता येते काय?"

मी म्हणाले, "काका, आपल्या घरात लेबल नाही म्हणजे धुतलेला."

ते म्हणाले, "तो तुझ्या बापाचा नियम. मी काय त्याच्या शाळंत होतो?"

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. काकांनी नाकारल्यास आईला विचारावे; ती जिन्यात उभी होती. नंतर आई मला म्हणाली, "जाऊ दे गं. अण्णा गेले, ती बाई गेली. आता कुणाला उकरायचं?"

आई, तुझ्यावर माझा राग आहे. घर तुला दिले म्हणून तो गेला असे समजू नकोस.

आणि अण्णांवर सर्वांत जास्त आहे. त्यांनी मला वाचायला शिकवले आणि जे वाचायला हवे होते तेच कॅलेंडरात गुंडाळून ठेवले. पाच वर्षे मी त्यांच्यासमोर बसून हात धूत होते, कातडी निघेपर्यंत धूत होते, आणि ते बघत होते. "पोरीचा दोष नाही" हे चार शब्दही नाहीत, तीनच आहेत. ते तोंडाने म्हणायला किती वेळ लागला असता? अण्णांच्या फोटोला हार घालू नये असे मी म्हणत नाही. मी घालणार नाही.

ही सतरा लेबले आज बंद पाकिटात तात्यासाहेबांकडे आहेत. पाकिटावर माझी आणि त्यांची सही आहे. माझ्या मृत्यूनंतर ती पोलिसांना द्यावीत. काकांना देऊ नयेत, त्यांनी कितीही गोड मागितली तरी.

कलम ५. आड

सप्टेंबरपासून काकांना खोली मोकळी हवी आहे. रस्त्याच्या बाजूने शटर पाडून गाळा काढायचा आणि भाड्याने द्यायचा असे त्यांनी ठरवले आहे. माझे घर, त्यांचे ठरवणे. त्यांचा बेत ते चहा पिता पिता सांगतात: "आड सुका पडलाय. सगळं त्यात रिचवायचं, वर दोन ट्रॉल्या मुरूम. खलास."

"शेजारी चार घरांच्या बोअर आहेत, काका."

"बोअर तीनशे फूट खाली हाय. कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

हो. हेच शिकवले. जमिनीत ओतलेले जमिनीत राहत नाही.

मी १४ सप्टेंबरला खोलीला नवे कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "तुझ्यामागं तर हे घर फिरून आमच्याकडंच यायचं हाय. किती दिवस कुलूप लावशील?" म्हणून मी मृत्युपत्र करते आहे. एवढ्या लवकर करायचे कारण काकांनीच दिले.

माझा स्पष्ट आदेश: या आडात काहीही ओतू, पुरू, जाळू किंवा टाकू नये. माझ्यानंतर तसे झाल्यास घर घेणाऱ्याने ते खणून काढावे, स्वतःच्या खर्चाने. आडाचा फोटो आजच्या तारखेसह मृत्युपत्राला जोडला आहे. तळ दिसतो आहे, कोरडा आणि स्वच्छ.

कलम ६. घरातील घातक वस्तू व त्यांची वासलात

कच्चा मसुदा वाचून तात्यासाहेब म्हणाले, "बाई, मी कोर्टाबाहेर चाळीस वर्षं मृत्युपत्रं टाइप केली. लोक सोनंनाणं लिहितात. तुम्ही ट्यूबलाइट लिहिताय." मी म्हणाले, सोने लोक शोधून काढतात, ट्यूबलाइट कोणी शोधत नाही. त्यांनी तो कागद पुन्हा यंत्रात घातला.

(अ) खोलीतील डबे व बाटल्या. आधी मी एक्केचाळीस मोजले होते. पुन्हा मोजले, बेचाळीस आहेत. एक बाटली जुन्या पोत्यामागे होती. तीन डबे फुगलेले, दोन बुडातून पाझरणारे. नऊंना लेबल नाही. लेबल नसलेला प्रत्येक डबा लाल त्रिकोणाचाच समजावा. झरोक्याच्या विटा आधी काढाव्यात आणि तासभर वारा खेळू द्यावा. हातमोजे व तोंडाला जाड मास्क घालावा. दोन्ही माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. एका डब्यातले दुसऱ्यात ओतू नये. धुवू नये. पाझरणारे डबे कोरड्या वाळूच्या बादलीत उभे ठेवावेत. आता यातला एकही डबा कोणाच्या उपयोगाचा नाही, हे आईने तीन वेळा मोठ्याने म्हणावे.

(आ) आईच्या इन्सुलिनच्या सुया. या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून, वर 'सुया' लिहून वेगळ्या द्याव्यात. २०२२ पर्यंत आई त्या भाजीच्या देठांबरोबर पिशवीत टाकत असे आणि मी प्रयोगशाळेत दिवसभर सुया वेगळ्या करून घरी येऊन ते बघत नसे. आमच्या गल्लीत घंटागाडीवर आवडाबाई असतात. मी खोलीतल्या डब्यांचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या गाडीत हे घालू नका. माझं पोट याच गाडीवर हाय आणि माझे हात बी याच गाडीत हायेत." मग त्यांनी उजवा अंगठा दाखवला. "कुणाच्या तरी पिशवीतली सुई. कुणाची ते कळलं नाय. सहा महिने रक्त तपासत होते. नवरा भाकरी लांबून सरकवायचा, जणू मी चावणार हाय." आणि हसल्या. कुणाच्या पिशवीतली ते मलाही माहीत नाही. आमच्या नव्हती असे मी लिहू शकत नाही.

(इ) माळ्यावरच्या सहा जुन्या ट्यूबा, आजोबांचे पाऱ्याचे रक्तदाबाचे यंत्र, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, रंगाचे थिनर अर्धा डबा, मुदत संपलेली औषधे एक चपलेचे खोके भरून. ट्यूबा फोडून पिशवीत कोंबायच्या नाहीत. गोळ्या संडासात ओतायच्या नाहीत. बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही. तो ती गल्लीतच फोडतो आणि आम्ल गटारात सोडतो, मी पाहिले आहे.

हे सगळे घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत गाडीच्या ताब्यात द्यायचे आहे. ती गाडी मिळवायला मला चार आठवडे लागले. महापालिकेत एका खिडकीवर सांगितले, ओल्या कचऱ्यात टाका. दुसऱ्या खिडकीवर विचारले, "मॅडम, इतके दिवस घरात होतं ना? मग आता काय घाई हाय?" मी यादी, फोटो आणि तीन अर्ज दिले. शेवटी एका बाईंनी यादी पूर्ण वाचली, पहिल्यापासून बेचाळीसपर्यंत, आणि लेखी दिवस दिला. त्यांचे नाव मला विचारता आले नाही, याची चुटपुट आहे. ते पत्र मृत्युपत्राला जोडले आहे. त्या दिवसापूर्वी मला काही झाले तर गाडीला परत पाठवू नये. पोच घ्यावी.

कलम ७. सखूबाई

सखूबाई म्हणजे सुगंधामावशींची मुलगी. वडील सोनाजी २०१९ साली गेले. आता मेंढरे त्याच राखतात. २१ सप्टेंबरला मी त्यांच्याकडे गेले. त्या कोकराला पाजत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले: डबा मी दिला, लेबल काकांनी काढले, अण्णांना माहीत होते, जबाब खोटा. त्यांनी कोकरू खाली ठेवले नाही. माझे झाल्यावर म्हणाल्या, "नऊ वर्षं मी ऐकतीय. सोयऱ्यात, बाजारात, समद्या जागी. सुगंधी उकिरड्यावर हात घालायची म्हणून मेली. माझ्या सासूनं ते मला जेवताना म्हटलंय. माझ्या मायनं जन्मात कुणाच्या उकिरड्याला हात लावला नाय. तुमच्याच घरचं खरकटं बी ती घेत नव्हती."

मी म्हणाले, घरातला काही हिस्सा मी तुमच्या नावे लिहू इच्छिते.

"घर नको. तुमच्या घरचं आता काहीच नको आमाला." मग कोकराच्या तोंडातली बाटली काढून त्यांनी माझ्याकडे बघितले. "तू चौकीत लिहिलंस ना? मग चौकीत जाऊन ते पुसून टाक. मला सांगून काय करू? मला माहीतच होतं."

मी रडायला लागले तर त्या म्हणाल्या, "रडू नकोस. मेंढरं बुजतेत."

म्हणून सखूबाईंना मी घर, दागिना, काहीही देत नाही, कारण त्यांनी ते नाकारले आहे आणि नाकारलेले गळ्यात मारणे हीसुद्धा आमच्या घरची सवय आहे. त्यांना एकच गोष्ट मिळावी: माझ्या दुरुस्त जबाबाची शिक्कामोर्तब केलेली प्रत. ती मी स्वतः देणार आहे. त्याआधी मी गेले, तर या मृत्युपत्राचा पहिला परिच्छेद, दुसरा परिच्छेद आणि कलम तीन, चार हाच माझा दुरुस्त जबाब समजावा आणि तात्यासाहेबांनी तो पोलिसांपुढे ठेवावा. खोट्या जबाबाची जी शिक्षा असेल ती मी जिवंत असल्यास मला व्हावी. मी माफी मागितलेली नाही. त्या देणार नाहीत आणि मला ती मागून त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायचे नाही.

कलम ८. उरलेले

बँकेतली ठेव आईच्या औषधपाण्यासाठी. माझी स्कूटी प्रयोगशाळेतल्या मुलींनी ठरवून घ्यावी. तिचे मागचे ब्रेक लागत नाहीत, हे घेणारीला आधी सांगावे. माझी पुस्तके हर्सूलच्या कोणत्याही वाचनालयाला. दम्याचे पंप कोणालाही देऊ नयेत. ते कलम सहाच्या यादीत धरावेत, मुदत पाहून.

बद्रीनाथकाकांना वरच्या मजल्यावर राहण्याखेरीज काही नाही. त्यांना विसरले म्हणून नाही. हे वाक्य लिहिताना ते मला पूर्ण आठवत होते.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी तात्यासाहेब विठोबा गायके यांना नेमते. साक्षीदार असून ते व्यवस्थापक होऊ शकतात का, हे मी दोन वकिलांना विचारून घेतले आहे. दोघांचे उत्तर सारखे आले: होऊ शकतात. दोन्ही साक्षीदारांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. आवडाबाईंना मी हातमोज्यांचा एक जोड देणार होते, पण मग त्यांची साक्ष अडचणीत येईल असे कळले. तो मी त्यांना आज, जिवंतपणी, सहीच्या आधी दिला. त्या म्हणाल्या, "आता सही हे घालून करू का काढून, ते बी सांगा, ताई." माझ्यासमोर दोघांनी आणि दोघांसमोर मी सही केली. कागद वाचून दाखवला. आवडाबाईंनी कलम सहा पुन्हा वाचायला लावले आणि सुयांपाशी मान हलवली.

ठिकाण: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

लिहून देणार: मंजुषा रामकिसन औताडे (सही)

साक्षीदार:
१. तात्यासाहेब विठोबा गायके, वय ७१, निवृत्त टंकलेखक, राहणार हर्सूल (सही)
२. आवडाबाई दगडू खरात, वय ४६, घंटागाडी कामगार, राहणार हर्सूल (सही)

सह्या झाल्यावर एक ओळ राहिली असे लक्षात आले, ती दोघांच्या संमतीने खाली लिहिते आणि पुन्हा तिघेही सही करतो. गाडी सकाळी दहाला येणार आहे. ती खोली रिकामी करून निघाली की मी तात्यासाहेबांकडून लेबलांचे पाकीट घेऊन चौकीत जाणार आहे. सखूबाई चौकीच्या दाराशी थांबते म्हणाल्या आहेत, आत येणार नाहीत. काकांना दिवस सांगितलेला नाही, आईला सांगितला आहे. तिने सांगायचे की गप्प राहायचे, ते आता तिचे तिने ठरवावे. दिवस: गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५.